बाबांच्या वेळचे सतरा प्रश्न आणि आईचं एक पान

बाबा गेले त्या रात्री पहिल्या दोन-तीन तासांत मला जे प्रश्न विचारले गेले, ते पुढे सुतकाच्या दिवसांत मी एका वहीत लिहून काढले. सतरा भरले. दाखला कोण देणार? आधार कार्ड कुठे आहे? वैकुंठ स्मशानभूमीत न्यायचं की जवळच्या स्मशानात? लाकडं की विद्युत दाहिनी? दादा जर्मनीहून येईपर्यंत थांबायचं का? नाही थांबायचं तर अग्नी कोण देणार? गुरुजी कोणते सांगायचे? अंगावर धोतर घालायचं की ते रोज घालायचे तो लेंगा-सदरा? आणि आई पलीकडच्या खोलीत बसलेली असताना दबक्या आवाजात विचारलेला प्रश्न: वहिनींच्या कुंकवाचं काय करायचं?

यातल्या एकाचंही उत्तर मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते समोर निजलेले होते. विचारणारी माणसं सगळी आपलीच, अर्ध्या रात्री मदतीला धावून आलेली. पण एकेका प्रश्नावर दोघांची तीन मतं. मोठे काका म्हणाले लाकडंच हवीत, आतेभाऊ म्हणाला बाबा पर्यावरणाचं किती बोलायचे ते आठवा. दोघंही खरं बोलत होते. मी नुसती मान हलवत होते.

बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. त्याचं कार्ड बाराव्या दिवशी, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सापडलं. ते कार्ड हातात घेऊन मी किती वेळ बसले होते ते मला सांगता येणार नाही. हा लेख त्या कार्डामुळे लिहिते आहे.

आपल्या अंत्यविधीची सोय आपणच करून ठेवायची म्हटलं की बहुतेकांच्या मनात येतो तो खर्च. खर्च असतोच, पण आपल्याकडे जड जातात ते निर्णय. दहा-पंधरा निर्णय, तेही काही तासांत, न झोपलेल्या आणि रडून थकलेल्या माणसांनी घ्यायचे, आणि पुढची वीस वर्षं ‘असं केलं ते बरोबर केलं का’ म्हणून आठवायचे. हे निर्णय आपण आधीच घेऊन, लिहून, घरात बोलून ठेवले तर मागच्यांना फक्त ते अमलात आणायचे राहतात. ही आखणी म्हणजे एवढंच. त्यासाठी वकील लागत नाही, आपल्या इच्छांचं एक पान लागतं. ते नीट लिहायचं तर मात्र काही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

‘अभद्र बोलू नकोस’

आईशी पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा ती एवढंच म्हणाली. पण आपल्या जुन्या माणसांनी हा विषय कधी टाळला होता? काशीला जाऊन आलेल्या घरांत देवघरात गंगेचा गडू असायचा, तोंड झाळून बंद केलेला, शेवटच्या घोटासाठी जपून ठेवलेला. रोज पूजा करताना तो नजरेला पडायचा आणि कुणी दचकत नसे. ‘आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या’ हे वाक्य आजीच्या पिढीतल्या बायका भाजी निवडता निवडता बोलायच्या. मला पाठवताना हीच साडी नेसवा, असं सुनेला सांगून ट्रंकेत घडी घालून ठेवणाऱ्या आज्या अनेकांनी पाहिल्या असतील. आगरकरांनी दहनाच्या खर्चाचे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, ही हकीकतही मराठी घरांत सांगितली जाते. म्हणजे ही आखणी नवी नाही. मधल्या काळात घरं लहान झाली, मुलं लांब गेली, मरण दवाखान्यात गेलं आणि बोलणं तेवढं थांबलं.

मी आईला गंगेच्या गडूची आठवण करून दिली. ती गप्प राहिली आणि दोन दिवसांनी आपणहून म्हणाली, “अगं, ती वही आण.”

पहिला कागद: दाखला

मृत्यू रुग्णालयात झाला तर मरणाच्या कारणाचा वैद्यकीय दाखला रुग्णालय देतं आणि नोंदणीसाठी कळवण्याची जबाबदारीही त्यांचीच. त्या दाखल्याला फॉर्म ४ म्हणतात. घरी मृत्यू झाला तर तोच दाखला फॉर्म ४अ वर लागतो आणि तो देणारा डॉक्टर आपल्याला शोधावा लागतो. खरी अडचण इथेच होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनी हा दाखला द्यायचा, आणि त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत, असं तो सांगतो. पण ज्या डॉक्टरांनी माणसाला कधी पाहिलेलंच नाही, त्यांनी मरणाचं कारण कशाच्या आधारावर लिहावं? त्यांचा नकार रास्त असतो.

आमचे डॉक्टर त्या रात्री गावाला गेले होते. जवळच्या एका नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं. पहाटेपर्यंत फोनाफोनी चालली आणि शेवटी बाबांची जुनी फाइल पाहून एका हृदयरोगतज्ज्ञांनी, ज्यांच्याकडे ते चार महिन्यांपूर्वी गेले होते, दाखला दिला. कुणीच दिला नसता तर मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं असतं, आणि कारण अज्ञात ठरलं तर पोलीस आणि शवविच्छेदन. वयाने पिकलेल्या, अंथरुणातच शांतपणे गेलेल्या माणसाच्या वाट्यालाही हे येऊ शकतं.

म्हणून घरात कुणी थकलेलं असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी एकाच डॉक्टरांनी त्यांना पाहिलेलं असावं, आणि ‘रात्री-अपरात्री फोन केला तर याल का, तुम्ही नसाल तर कोण येईल’ हे त्यांना आजच विचारावं. विचारायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या आताच्या डॉक्टरांना आईनेच विचारलं. ते हसले आणि त्यांनी आणखी दोघांचे नंबर लिहून दिले.

दाखला, गेलेल्या माणसाचं आधार आणि अर्ज करणाऱ्याचं आधार, एवढं हाती असलं की स्मशानाचं काम पुढे सरकतं. पुण्यात त्यासाठी महापालिकेचा ‘पास’ लागतो, इतर गावांत वेगळी पद्धत असते. दहनानंतर स्मशानातून मिळणारी पावती जपून ठेवायची, मृत्यू प्रमाणपत्रासाठी ती लागते. नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर शुल्क नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. प्रमाणपत्राच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, गॅस, प्रत्येकाला एक हवी असते.

अपघात, पडणं, भाजणं, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर मात्र पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही. तिथे आपलं पान बाजूला ठेवावं लागतं, हेही घरच्यांना ठाऊक असलेलं बरं.

लाकडं, शेणी, गॅस की वीज

लाकडाच्या चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. काही तास जळते, राख निवायला वेळ लागतो, म्हणून अस्थी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सावडतात. विद्युत किंवा गॅस दाहिनीत तासा-दोन तासांत दहन होतं आणि अस्थी त्याच दिवशी हातात मिळू शकतात. मोठ्या शहरांत दोन्ही सोयी आहेत. लहान गावात बहुधा लाकूड किंवा गोवऱ्याच असतात, आणि पावसाळ्यात सुकी लाकडं कुठून येणार हा खरा प्रश्न असतो.

कोल्हापूरचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तिथे पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि चितेसाठी लागणाऱ्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोक दान देतात. होळीच्या सुमारास तर गल्ल्या-गल्ल्यांतून, तालमींतून शेणी गोळा होतात. आपली होळी लहान करून कुणा अनोळखी माणसाच्या चितेला शेणी द्यायच्या, ही कल्पनाच किती मायेची आहे. नाशिकमध्येही महापालिकेची मोफत अंत्यसंस्काराची योजना आहे. आपल्या गावात काय मिळतं आणि काय आणावं लागतं, हे एकदा स्मशानात प्रत्यक्ष जाऊन विचारून येण्यासारखं आहे. मी गेले. तिथल्या कर्मचाऱ्यांना कुणी जिवंतपणी चौकशीला आलेलं पाहून नवल वाटलं, पण त्यांनी सगळं नीट समजावलं.

विद्युत दाहिनीबद्दल घरातल्या मोठ्यांच्या मनात एक भीती असते: विधी नीट होत नाहीत. तसं नाही. पाणी पाजणं, मडकं फोडणं, गुरुजींचे मंत्र, हे सगळं दाहिनीच्या बाहेर होतं. फक्त पेटती चिता दिसत नाही, दार बंद होतं. काहींना तेच बरं वाटतं, काहींना तेच सोसत नाही. म्हणून ज्याचा देह आहे त्याने सांगून ठेवलेलं चांगलं.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर दहनाआधी तो काढावाच लागतो. आतल्या बॅटरीमुळे उष्णतेत त्याचा स्फोट होऊ शकतो. रुग्णालयातून निघण्याआधीच हे सांगायचं असतं, आणि त्या गोंधळात ते आठवत नाही. पेसमेकर असेल तर पानाच्या अगदी वर, लाल शाईने लिहा.

दफनाची रीत असलेल्या घरांत प्रश्न थोडे बदलतात. ख्रिस्ती कुटुंबात चर्चच्या दफनभूमीतली जागा, मुस्लिम कुटुंबात जमात आणि कब्रस्तान, लिंगायत किंवा नाथपंथी घरांत समाधीची जागा आणि ती रीत जाणणारा माणूस. पण कुणाला फोन करायचा आणि जागा कुठली, हे लिहून ठेवायचं काम सगळीकडे सारखंच.

महात्मा फुल्यांचा खड्डा

आपल्या अंत्यविधीचा विचार आधीच करून ठेवलेल्या मराठी माणसांत मला सर्वांत आधी जोतीराव फुले आठवतात. देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. पुण्यात राहत्या घरामागे त्यांनी खड्डासुद्धा खणून घेतला होता. मृत्युपत्र १८८७ साली नोंदवून ठेवलेलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, आणि वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी नाकारली. जिचे ते स्वतः १८७६ ते १८८२ सदस्य होते तीच नगरपालिका. शेवटी दहन झालं, अस्थी मात्र त्यांनी ठरवलेल्या जागी नेल्या गेल्या.

त्याच दिवशी दुसरा पेच पडला. दत्तक मुलगा यशवंतने टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. १८९० साली.

या एका घटनेत आपल्याला हवं ते सगळं आहे. इच्छा कितीही ठाम असली तरी ती नियमात बसते का, हे जिवंतपणीच विचारून घ्यावं लागतं. नाही जमलं तर काय करायचं, ही दुसरी वाट लिहावी लागते. आणि विधी कुणी करायचा हे ठरलेलं नसेल तर भांडण नेमकं त्याच क्षणी उभं राहतं. सावित्रीबाईंसारखी हिंमत प्रत्येक घरात ऐन वेळी मिळेलच असं नाही. एक ओळ लिहून ठेवली, की ‘अग्नी माझी मुलगी देईल’, तर त्या मुलीला कुणाशी वाद घालावा लागत नाही. मी बाबांना अग्नी दिला तो अर्ध्या तासाच्या वादानंतर. त्या वादातली काही वाक्यं अजून टोचतात.

डोळे, त्वचा, अवयव, देह

या चार दानांची लोकांच्या मनात सरमिसळ झालेली असते, म्हणून जरा थांबून सांगते.

नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं. मृत्यूनंतर साधारण चार ते सहा तासांच्या आत नेत्रपेढीला बोलवावं लागतं, म्हणजे रडं आवरायच्या आत कुणीतरी फोन करायला हवा. त्यांची माणसं घरी येतात, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, वय कितीही असो, बहुधा अडचण येत नाही. ते येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवायचं. त्वचादानही घरी होऊ शकतं, जवळ त्वचापेढी असेल तर. भाजलेल्या रुग्णांना त्या त्वचेने जीवदान मिळतं.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं दान मात्र घरी गेलेल्या माणसाचं होत नाही. त्यासाठी मेंदूमृत्यू व्हावा लागतो, म्हणजे अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, हृदय चालू पण मेंदू कायमचा थांबलेला. डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून ते ठरवतं. कायदा १९९४ चा आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय समन्वय केंद्रं प्रतीक्षा यादीनुसार अवयव देतात. हा प्रसंग फार थोड्यांच्या बाबतीत येतो, पण येतो तेव्हा घरच्यांसमोर सगळ्यांत अवघड प्रश्न असतो, कारण छाती वरखाली होत असते.

देहदान म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला शिक्षणासाठी देह देणं. महाराष्ट्रात १९४९ चा कायदा आहे. फॉर्म आधी भरता येतो. पण शवविच्छेदन झालेला देह, काही संसर्ग असलेला देह, किंवा पोलीस केस असेल तर महाविद्यालय सहसा घेत नाही. अवयवदानानंतरही बहुधा घेत नाहीत, नेत्रदानानंतर मात्र घेतात. म्हणून देहदानाच्या इच्छेखाली ‘न घेतल्यास असं करा’ ही ओळ हवीच. आणि देहदानानंतर अस्थी हाती येत नाहीत, हे कुटुंबाशी आधी बोलायला हवं. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी यजमानांचं देहदान अगदी त्यांच्या इच्छेप्रमाणे केलं, आणि नंतर कितीतरी महिने त्यांना वाटत राहिलं की विसर्जन राहिलंय. पुढे त्यांच्या सुनेने यजमानांच्या चष्म्याजवळ दिवा लावून दहाव्या महिन्यात सगळ्यांना जेवायला बोलावलं. तेव्हा त्यांचं मन थोडं निवलं.

या चारही दानांत एक गोष्ट सारखी आहे. फॉर्म आपण भरतो, पण त्या घडीला फोन करणारे आणि संमती देणारे घरचे असतात. कार्ड पासबुकात राहिलं तर काहीच होत नाही. ते फ्रिजच्या दारावर लावा.

दहावा, कावळा आणि मागे राहिलेली बाई

विधी किती आणि कोणते, यावर माझं काही मत नाही. ज्याला दहावा, अकरावा, तेरावा सगळं हवं त्याने तसं लिहावं, ज्याला काहीच नको त्यानेही लिहावं. विधी करण्यातही आधार असतो, दहा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, हातांना काम असतं. म्हणून ‘माझं काहीही करू नका’ असं लिहिणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन, मागच्यांना काही करावंसं वाटलं तर करू द्या, एवढी मोकळीक ठेवा.

बाबांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना सांगायला नको. एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. आईला सांभाळीन. धाकट्याचं लग्न करून देईन. घर विकणार नाही. मीही काय काय कबूल केलं. तासाभराने दर्भाचा कावळा करून शिवला. पण आई घरी येऊन आठवडाभर एकच विचारत होती, यांची काय इच्छा राहिली असेल गं?

तिच्या पानावर म्हणून तिने स्वतः सांगून एक ओळ लिहून घेतली: “दहाव्याला कावळा शिवला नाही तर माझी काही इच्छा राहिली असं कुणी समजू नये. ऊन लागत असेल तर लगेच दर्भाचा कावळा करून घरी जावं.” सगळ्या पानात मला हीच ओळ सगळ्यांत जास्त मोलाची वाटते.

आणि ते कुंकू. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तरी प्रत्यक्ष त्या घडीला घरातल्याच चार बायका पुढे येतात, आणि ज्या बाईचा नवरा नुकताच गेला तिला नाही म्हणायचं बळ नसतं. विवाहित पुरुषांनी आपल्या पानावर दुसरं काही नाही लिहिलं तरी चालेल, पण हे लिहावं: माझ्या मागे हिच्या अंगावरचं काहीही काढायचं नाही, ही माझी इच्छा आहे. गेलेल्या माणसाच्या शब्दापुढे आपल्याकडे कुणी बोलत नाही. बाबांनी तसं लिहिलेलं नव्हतं. मी आडवी उभी राहिले म्हणून आईच्या बांगड्या राहिल्या. पण तिने ते सगळं ऐकलं होतं.

पैसे आणि कायद्याचं थोडं

पहिल्या तेरा दिवसांत पैसे रोख लागतात. तिरडीचं सामान, शववाहिनी, घाटावरचं, गुरुजींची दक्षिणा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरून एटीएममधून पैसे काढणं नियमाला धरून नाही, आणि पुढे वारसांत त्यावरून वाद होतात. त्यापेक्षा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही आणि एक गेल्यावर मागे राहिलेल्याला चालवता येईल असं, जॉइंट खातं असावं, त्यात एवढी रक्कम असावी, आणि थोडी घरात पाकिटात. तेराव्याच्या जेवणाला किती माणसं, हेही लिहावं. गावाकडे या एका जेवणापायी माणसं कर्ज काढतात, आणि ‘लोक काय म्हणतील’ याला घरातल्या मुलाकडे उत्तर नसतं. ‘आईनेच तसं सांगून ठेवलंय’ हे उत्तर पुरतं.

शहरांत पैसे घेऊन सगळी व्यवस्था करणाऱ्या संस्था आता आहेत. एकटं राहणाऱ्यांना, मुलं परदेशी असलेल्यांना त्यांचा आधार वाटू शकतो. आगाऊ पैसे भरायचे असतील तर काय-काय त्यात येतं आणि गाव बदललं तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.

मृत्युपत्र वेगळं आणि हे पान वेगळं. मृत्युपत्रात मालमत्ता कुणाला ते लिहायचं, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक आहे. ते बहुधा तेराव्यानंतर उघडतात, तेव्हा त्यात दहनाबद्दल लिहून उपयोग नाही. नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो पैसे स्वीकारणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तरी नॉमिनी नेमलेला असला की मागच्यांच्या खेपा वाचतात, आणि नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

तिसरा कागद मरणाआधीचा. मी बरी होण्याची आशा संपली तर कृत्रिम उपायांनी लांबवू नका, असं सांगणारं वैद्यकीय इच्छापत्र. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं.

आईच्या पानाला असं कायद्याचं बळ नाही. ते पाळणं शेवटी आमच्या हातात आहे. म्हणून ते लिहून झाल्यावर तिने दादाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. ‘तू येईपर्यंत थांबायचं का’ हा प्रश्न तिने तिथेच मिटवला: “चोवीस तास थांबा. त्यात पोहोचला तर ठीक, नाही तर हिने अग्नी द्यावा, आणि तू आल्यावर दोघांनी मिळून अस्थी सोडा. विमानतळावर रडत बसू नकोस.” दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” बाबांच्या वेळी तो पोहोचला तेव्हा राख निवली होती, आणि त्याच्यासाठी थांबलो नाही म्हणून तो आमच्यावर रागावला होता की स्वतःवर, हे इतकी वर्षं आम्हाला कळलं नव्हतं.

पानाच्या तीन प्रती आहेत. एक फ्रिजवर, एक माझ्याकडे, एकीचा फोटो दादाच्या मोबाइलमध्ये. पहिल्या ओळीत सर्वांत आधी फोन कुणाला करायचा ते आहे, आणि तिथे आम्हा दोघांपैकी कुणाचंही नाव नाही. आईचं म्हणणं असं, की तुम्ही दोघं त्या वेळी बोलायच्या स्थितीत नसाल, धड बोलणारं माणूस हवं. तिने शेजारच्या काकांचं नाव घातलं होतं, बाबांच्या वेळी मडक्यापासून शववाहिनीपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं होतं.

दर दिवाळीला ती पान वाचते आणि काही बदलायचं असेल तर बदलते. मागच्या दिवाळीत तिने काकांचं नाव खोडलं. ते श्रावणात गेले होते. थोडा वेळ पेन तसंच हातात धरून बसली, मग माझ्या मैत्रिणीला फोन लावून तिला विचारलं, आणि तिने हो म्हटल्यावर तिचं नाव आणि नंबर त्या ओळीत लिहिला.